ओटीपी लेकीकडे, चक्कर आईला: एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि त्या रात्रीच्या कॉलची नोंद काढून पाहिली. पुण्यात एकट्या राहणाऱ्या तुमच्या ७९ वर्षांच्या आईंना रात्री दीड वाजता गरगरलं, डावा हात जड झाला. फोनवर डॉक्टरांचा सल्ला देणारं आमचं अ‍ॅप उघडण्यात ११ मिनिटं गेली, शेवटी शेजारच्या काकूंनी आपल्या मोबाइलवरून कॉल लावून दिला आणि आमचे डॉक्टर दोन मिनिटांत ‘१०८ ला फोन करा’ म्हणून मोकळे झाले. ‘मग तुम्ही कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. आईंच्या तब्येतीबद्दल चारचौघांत याहून जास्त बोलणार नाही. तुम्ही लिहिलंत तेवढंच धरून लिहितो.

ती ११ मिनिटं आमच्या चुकीने गेली. नोंदणी तुम्ही बंगळूरहून केलीत, पैसे तुम्ही भरलेत, म्हणून फॉर्मने तुमचाच नंबर पेशंटचा धरला. आई ओटीपीची वाट बघत बसल्या आणि ओटीपी आला तुमच्या उशाशी सायलेंटवर ठेवलेल्या फोनवर. आजारी पडणारा आणि मोबाइल हाताळणारा माणूस एकच, असं अ‍ॅप करणाऱ्या मुलांनी गृहीत धरलं. ती तिशीतली आहेत. मी साठीला टेकलोय, घरात ८५ वर्षांचे वडील आहेत, तरी माझ्याही लक्षात आलं नाही.

आता ओटीपी काढून टाकलाय. साधा फोन लावायचा, लँडलाइनवरूनही चालेल, पलीकडे माणूस बोलेल. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत नुसत्या आवाजावर सल्ला द्यायला परवानगी आहेच, म्हणजे नियम कधी आड येत नव्हता. व्हिडिओ जमला तर नंतर. तसाही निम्म्या कॉलमध्ये आम्हाला छताचा पंखाच दिसतो.

१०८ बद्दल मात्र मी आमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. अचानक एक हात जड पडला की पहिली शंका पक्षाघाताची. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत. झोपेतून उठताना हात जड लागला, तर नेमकं कधी सुरू झालं हेही सांगता येत नाही. ‘निदान बीपीची गोळी तरी सांगायची’ असं तुम्ही म्हणता. अशा वेळी घरच्या घरी बीपी खाली आणणं उलट अंगाशी येऊ शकतं, आणि गिळताना ठसका लागण्याची भीती असते म्हणून पाणीसुद्धा द्यायचं नाही. मी स्वतः फोनवर असतो तरी दोन मिनिटंही घेतली नसती.

पण त्यांनी फोन ठेवायला नको होता. अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी येईपर्यंत लाइनवर थांबायचं, सेफ्टी डोअरची कडी काढायला लावायची, खाली वॉचमनला कळवायचं, औषधांची पिशवी आणि जुनी कागदपत्रं जवळ घ्यायला सांगायचं. ‘तुम्ही कशाला?’ याचं उत्तर खरं तर हेच होतं आणि त्या रात्री ते दिलं गेलं नाही. डॉक्टरांशी बोललोय. यापुढे १०८ ला फोनही आमचा माणूस लावेल, पेशंटने दोन-दोन नंबर फिरवत बसायचं नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांचं कोडं अजून सुटलेलं नाही. तूर्तास त्यांच्या नावापुढे शेजाऱ्यांचा नंबर, शेजाऱ्यांना विचारूनच, लिहून ठेवतोय.

वर्षाची फी परत पाठवली आहे. तारा एकच राहू द्या, हरकत नाही. आईंचा लँडलाइन नंबर मात्र आमच्या ऑफिसला कळवा, इथे लिहू नका. त्यांना चालणार असेल तर चाचणीचा फोन मीच करीन, दुपारची झोप झाल्यावर.