स्टॅम्पिंगला भारतात येताय? या या, स्वागत आहे

भावाचं लग्न होतं म्हणून डिसेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी टाकून आलो, येतोच आहोत तर एचवनबीचं, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंगही (वकिलातीत जाऊन पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणं) उरकून घेऊ म्हटलं. लग्न झालं, भाऊ-वहिनी फिरून आले, कामाला लागले, आहेराची भांडी माळ्यावर गेली आणि मी अजून इथेच. इंटरव्ह्यूच्या आठ दिवस आधी अमेरिकन वकिलातीचा ईमेल आला की तारीख पुढे ढकललीय. किती पुढे, तर तीन महिने. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, हेही प्रेमाने कळवलं होतं. तर या मुक्कामात जे ज्ञान झालं ते तुम्हाला फुकट देतोय, घ्या.

पहिलं म्हणजे शुक्रवारी विमानात बसू नका. २०२५ च्या १९ सप्टेंबरला, शुक्रवारच होता, ट्रम्पसाहेबांनी सही केली की एचवनबीला १ लाख डॉलर फी, आणि लागू कधी, तर शनिवारची मध्यरात्र उलटली की लगेच. वाणिज्यमंत्री लटनिक म्हणाले दरवर्षी भरा, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसची प्रवक्ती म्हणाली छे, एकदाच, आणि तेही फक्त नव्या अर्जांना. मधल्या वेळात कंपन्यांचे मेल सुटले होते की असाल तिथून परत या, आणि सुट्टीला निघालेले लोक टेकऑफच्या आधी विमानातून उतरत होते. तुम्ही मात्र सगळी आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची पत्रं), सॅलरी स्लिपा, जुने पासपोर्ट तारीखवार फोल्डरला लावून ठेवा हं. शिस्त आपल्याकडूनच अपेक्षित आहे.

भारतात न येता मेक्सिकोत जाऊन पटकन स्टॅम्पिंग करून येऊ, हे विसरा. बंद झालं. ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय नुसती कागदपत्रं टाकून व्हिसा, तोही गेला.

ग्रीन कार्ड लवकर हवं असेल तर आइसलंडमध्ये जन्म घ्या. वर्षाच्या कार्डांतले जास्तीत जास्त त्यांनाही सात टक्के, आपल्यालाही सात टक्के, आणि आपली ईबी-टूची (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डाची) गाडी अजून दहा वर्षांहून जुन्या अर्जांपाशीच धापा टाकतेय. मुलगा एकवीसचा झाला की तुमच्या अर्जातून बाहेर, तेव्हा त्याला सावकाश मोठं व्हायला सांगा.

आता मुख्य सल्ला. सोशल मीडिया. १५ डिसेंबर २०२५ पासून एचवनबी आणि एचफोर (म्हणजे त्यांचे नवरा-बायको, मुलं), दोघांचीही अकाउंटं तपासणार, म्हणून सगळी पब्लिक करून ठेवा असा आदेश आहे. छान, पारदर्शकता हवीच. मी एका रात्री बसून माझी सगळी उघडी केली, २०१४ ची गोव्याची गँग, कोणाच्या तरी बारशात झोपलेला मी, सगळं. मग बायकोचं इन्स्टा. ती म्हणाली मी नाही करणार. मी म्हटलं अगं वेडी आहेस का, व्हिसा अडकेल. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मला आठवलं की ते लॉक का आहे. चार वर्षांपूर्वी एक माणूस तिच्या मागे लागला होता, रोज नवीन नावाने मेसेज, कुठे जाते कोणाबरोबर असते सगळं त्याला माहीत, शेवटी तिने फोटो काढून टाकले, अकाउंट लॉक केलं, तेव्हा कुठे झोप लागायला लागली. डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या फॉर्ममध्ये, पाच वर्षांचे सोशल मीडिया हँडल मागतात, म्हणजे लपवायची सोय नाही. तर आता अमेरिकेच्या सुरक्षेसाठी आम्ही त्या माणसाला परत दार उघडून द्यायचं, तीन महिने, कदाचित जास्त, आणि नेमकं काय बघणार, काय चुकीचं धरणार ते कोणी सांगत नाही, विचारायला फोन नंबर नाही, माणूस नाही, नुसता तो ‘या मेलला उत्तर देऊ नका’वाला पत्ता. तिने केलं शेवटी पब्लिक. रात्री दोनदा उठून फोन बघते. यावर माझ्याकडे गमतीशीर सल्ला नाहीये.

काकांना मात्र उत्तर तयार ठेवा. ते रोज विचारतात, ‘मग, झालं का रे तुझं?’

आणि मुख्य म्हणजे मनात म्हणत राहा की आम्ही लीगल आहोत, आम्ही टॅक्स भरतो, आम्ही त्या बॉर्डर ओलांडणाऱ्यांसारखे नाही. फार बरं वाटतं. असायलमचा, म्हणजे अमेरिकेत आश्रय मागण्याचा अर्ज, जो तोवर फुकट होता, त्याला १०० डॉलर फी लागली, वर निकाल लागेपर्यंत दरवर्षी आणखी १००, तेव्हा आपण म्हटलं बरोबर आहे. निर्वासितांची वर्षाची मर्यादा १,२५,००० वरून ७,५०० वर आली, आपल्याला पत्ताही नाही. नोव्हेंबरात असायलमचे सगळे निकालच थांबवले, आपण थँक्सगिव्हिंगचे सेल बघत होतो.

अरे, कोण समजता तुम्ही स्वतःला? तिथे रातोरात नियम फिरवायचा, आधीच्या अर्जांनाही लावायचा, कारण सांगायचं नाही, हे सगळं आधी त्या लोकांवर करून बघितलं ना, आणि कोणी ओरडलं नाही म्हणून आता आपल्यावर करतायत, तर इतकं आश्चर्य कसलं वाटतं तुम्हाला? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने हाकललेली १०४ भारतीय माणसं, बहुतेकांच्या हातापायांत साखळ्या, लष्करी विमानाने अमृतसरला उतरवली, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. आपल्या ग्रुपांवर काय चाललं होतं त्या दिवशी आठवा जरा. अंगठे, टाळ्या, ‘रांगेत या म्हणावं’. लाज नाही वाटली.

मलाही नाही वाटली. त्या बातमीखाली माझी कॉमेंट आहे, ‘नियम म्हणजे नियम, शेवटी’, एकेचाळीस लाइक. परवा अकाउंट पब्लिक करताना सापडली. डिलीट करणार होतो, पण वकील म्हणाला आता काही डिलीट करू नका, संशय येतो.