किती जीबीचं आहे, भाऊ?

नागपुरात बर्डीवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं की दुकानदाराचा एकच मंत्र, 'हे घ्या भाऊ, जास्त जीबीचं आहे.' अरे, जीबी म्हणजे मेमरीची टाकी. ती मोठी असून काय करू, नळाला धार किती, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहतो, ते सांग ना! मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून विचारतो, 'मेमरी बस किती बिटची?' (बस म्हणजे मेमरी ते चिप ही डेटाची वाट, आपल्या नळाची रुंदी.) तो खोकं उलटंपालटं करून म्हणतो, 'बस-बिस सगळी आहे त्यात.'

जीटी 1030 हे कार्डच बघा, दोन प्रकारच्या मेमरीचं. नाव तेच, दोन्हीत 2 जीबी. पण जीडीडीआर5वालं सेकंदाला 48 जीबी ओढतं, डीडीआर4वालं जेमतेम 17. भाच्याच्या गळ्यात बरोबर दुसरंच पडलं.

हिशोब तरी किती सोपा! बसची रुंदी भागिले 8, गुणिले मेमरीचा वेग. 4060 टाय हे कार्ड, 16 जीबी: 128 बिट, 18 गिगाबिटचा वेग, म्हणजे सेकंदाला 288 जीबी. जुन्या 3060 टायला 8च जीबी, पण 448. (नव्यात कॅशे, म्हणजे चिपमधलीच छोटी वेगवान टाकी, आधीपेक्षा मोठी आहे, मान्य. 8 जीबी कमी पडते तिथे 16 लागते, तेही मान्य. पण विचारा तरी!)

काल शेजारच्या काकांचा फोन. 'पोट्ट्यासाठी गेमिंगचं कार्ड घेतलं बे, 4 जीबीचं! स्वस्तात भेटलं.'

कोणतं, विचारलं. जीटी 730. डीडीआर3.