जुनी गाडी कबाड्याला देण्याआधी

इंदुरातल्या आमच्या राजेंद्र नगर-सुदामा नगर भागात गल्लोगल्ली अशा गाड्या उभ्या आहेत. कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी, कुणाची सँट्रो. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, घरी आईवडील, आणि गाडीचं काय करायचं हे वर्षानुवर्षं कुणी ठरवत नाही. मग एके दिवशी कबाडी येतो, रोख पैसे मोजतो आणि गाडी ओढून नेतो. दारातली जागा मोकळी झाली म्हणून घरचे खूश. आरसी बुक मात्र कपाटातच राहतं.

हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इतकं लांब लिहितोय.

माझी नोकरी इंदूरजवळच्या पीथमपूरला वाहनांच्या कारखान्यात गेली, त्यामुळे गाडीत काय काय असतं ते मला ठाऊक आहे. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची. त्यात जवळपास दोन तृतीयांश लोखंड आणि पोलाद. तुम्हाला भाव मिळतो तो या वजनावर, पण कबाड्याची खरी कमाई बाकीच्या भागात असते. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं. वायरिंगमध्ये, स्टार्टरमध्ये, अल्टरनेटरमध्ये तांबं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. गिअरबॉक्सचं कव्हर आणि इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. सायलेन्सरच्या पाइपात धूर कमी विषारी करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. वजन अगदी थोडं, पण मोल सगळ्या पत्र्याहून जास्त असू शकतं. ही जाळी कित्येक जण सायलेन्सरसकट लोखंडाच्या भावात देऊन टाकतात.

जाणता कबाडी आधी चालू वस्तू उतरवतो: दारं, काचा, हेडलाइट, सीट, कार्बोरेटर. मग धातू वेगळे करतो. रिकामा सांगाडा सगळ्यात शेवटी गॅस कटरखाली जातो. ही अक्कल कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत आणि मला तिचा आदर आहे. मारुती ८००चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, तरी आजही या गाड्या रस्त्यावर दिसतात, त्या अशाच उतरवलेल्या सामानाच्या जोरावर. (ब्रेकचं सामान, टायर, सीटबेल्ट आणि एअरबॅग मात्र जुने कधीही घेऊ नका, कितीही स्वस्त मिळोत.) शिवाय खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम पाच टक्क्यांत जुनं वितळवता येतं. तेव्हा गाड्या तोडल्या जाणं आणि त्यातून पैसा निघणं, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

माझा जीव तुटतो तो ज्या गोष्टींना भाव नाही त्यांच्यासाठी. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरीचं अ‍ॅसिड, एसीचा गॅस. गल्लीतल्या कबाडखान्यात खाली पक्की फरशी नसते, तेल सरळ मातीत जातं. तांबं मोकळं करायला वायरी पेटवून देतात आणि त्या प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. बॅटरी फोडून शिसं उघड्यावर गाळलं की त्याची धूळ आसपासच्या लेकरांच्या रक्तात उतरते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कूलंट चवीला गोड असतं. कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

आपलं इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. नाल्यांत जाणारं सांडपाणी अडवलं म्हणून २०२१ मध्ये आपल्याला देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर म्हटलं गेलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच हे डोळ्यांत खुपतं. मातीत मुरलेलं तेल पावसाळ्यात कान्ह नदीत येतं, कान्ह क्षिप्रेला मिळते आणि २०२८ ला क्षिप्रेकाठी उज्जैनला सिंहस्थ आहे. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा भोपाळहून पीथमपूरला आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती रास्त होती. पण तो कचरा निदान न्यायालयाच्या देखरेखीखाली जळला. आपल्या वस्तीमागे जे रोज झिरपतंय, त्यावर कुणाचीच देखरेख नाही.

आता कागदांचं. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, तरी बोजा पहिल्याच्याच डोक्यावर आला. तुमची ‘भंगारात गेलेली’ गाडी कुणी दुरुस्त करून फिरवली, किंवा तिचा शॅसी नंबर (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) चोरीच्या गाडीवर चढवला, तर पोलीस तुमच्याच दारात येणार.

कबाडी आणि दलाल आणखी एक भीती घालतात: १५ वर्षं झाली, आता गाडी बंद. तसा सरसकट नियम दिल्ली परिसरासाठी आला, इंदुरासाठी नाही. इथे फिटनेस तपासून खासगी गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवता येते. कारला फी ५,००० रुपये, २० वर्षांवरच्या कारला आता १०,०००. गाडी धडधाकट असेल तर घाबरून विकू नका.

विकायचीच असेल, तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. १३ ऑगस्ट २०२१ ला वाहन स्क्रॅपिंगचं धोरण जाहीर झालं आणि त्याच सप्टेंबरात केंद्रांचे नियम आले. गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर कर्ज नाही ना, हे तिथे आधी तपासतात. तेलं आणि बॅटरी तोडण्यापूर्वी काढावी लागते. शॅसी नंबरचा तुकडा कापून वेगळा ठेवतात आणि तुम्हाला ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी तोडायला जमा केल्याचा दाखला, मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ, शिवाय रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद.

पण पंचाहत्तरीतले काका नवी गाडी कुठे घेणार? प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं, तेही ऑनलाइन, आणि ते त्यांना कोण करून देणार? केंद्रात मिळणारा पैसा गल्लीतल्या रोकड्यापेक्षा कमी भरतो, तेव्हा लोक कबाड्याकडे जातात याचं मला आश्चर्य वाटत नाही. कबाड्यांवर छापे घालूनही काही साधणार नाही. ते आणखी आडगल्लीत जातील आणि तेल तिथल्या मातीत सांडेल.

महापालिकेने लोहामंडीत एक सामायिक शेड बांधावी, एवढी माझी मागणी आहे. पक्की फरशी, तेल काढायचे पंप आणि टाक्या, वायर सोलायचं यंत्र, बॅटऱ्या अधिकृत कारखान्याकडे पाठवायची सोय. कबाड्यांनी माफक भाडं भरून तिथे गाड्या उतरवाव्यात, मान्यताप्राप्त केंद्राने त्यांना आपले तोडणी-कारागीर म्हणून जोडून घ्यावं आणि चालू सुटं सामान पावतीवर विकावं. ज्या शहराने देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर हटवला आणि त्याच भागात रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प उभा केला, त्याला एक शेड जड नाही. आपल्या नगरसेवकाला हे पत्राने कळवा. मी लिहिलेला मसुदा कुणाला हवा असेल तर देतो.

आणि ज्यांच्या दारात गाडी उभी आहे, त्यांनी आधी आरसी, पॅन आणि बँकेचं पासबुक एका पाकिटात काढून ठेवावं. गाडीवर जुनं कर्ज असेल तर बँकेची एनओसीही लागेल. गाडी केंद्रात देण्याचा ऑनलाइन अर्ज जमत नसेल तर निरोप द्या. आमच्या भागातल्या ज्येष्ठांकडे मी घरी येऊन भरून देईन.