गोळी बदला म्हणे!

‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, सगळ्या ग्रुपला पाठवा’ असा मेसेज फिरत फिरत औशाला मामींपर्यंत पोचला. घसा धरला म्हणून त्यांनी डब्यातल्या उरलेल्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढल्या. म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो, तेच अँटिबायोटिक घेऊन शरीराला सवय लागते, म्हणून दर वेळी कंपनी नाहीतर गोळी बदला. अहो, शरीराचा इथं काय संबंध? रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, येतो जंतूंत. औषधानं लेचेपेचे जंतू मरतात, औषध पचवणारे उरतात आणि पुढं त्यांचीच पैदास वाढते. कापूसवाल्याला हे सांगायला नको. बीटी कापसाच्या अंगातच अळी मारणारं विष असतं, तरी 2017 ला त्याच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, ती काय कापसाला सवय लागली म्हणून? विष पचवणारी अळी उरली म्हणून. कंपनी बदलली तरी आत औषध तेच. मनानं गोळ्या बदलत राहिलात, तर एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारे जंतू पोसाल आणि घरादाराला वाटाल.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणातच हे सांगितलं होतं. त्याच्या उदाहरणातला माणूस घसा दुखतो म्हणून मनानंच थोडं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. यापुढं मी काय सांगणार?

‘तापात अंग दुखलं तर सोबत डायक्लोफिनॅक घ्या, ताप मुळातून जातो.’ हा तर जिवावरचा सल्ला. डायक्लोफिनॅक ही पेनकिलर, ती जंतूला हातही लावत नाही. ती दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं तयार होऊ देत नाही. पण पोटाचं अस्तर आणि किडनीही त्यांच्यावरच विसंबून असते. ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तिथं पॅरासिटामॉलच देतात. आणि दिवसभर उन्हात ऊस तोडून, पाणी कमी पिऊन वर हीच गोळी रोज घेणाऱ्यांच्या किडनीचं काय होत असेल?

सर्दीला अँटिबायोटिक? सर्दी व्हायरसची. ती आपली आपण जाते, श्रेय गोळीला.

‘बरं वाटलं की कोर्स थांबवा’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. बऱ्याच साध्या इन्फेक्शनला आता डॉक्टरच कमी दिवसांचा कोर्स देतात. पण दिवस त्यांनी ठरवायचे, आणि टीबीचं औषध तर अधे-मधे सोडायचंच नाही.

शेवटी हळदीचं दूध लिहिलंय. प्या की, कोण नको म्हणतंय!