‘विंडोज चालू झालं म्हणजे रॅम ओके’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रॅमवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आलीय. तिथंच खाली उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते वाढतच गेलं म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की एएम५ बोर्डावर (म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरचा मदरबोर्ड) रायझन ७००० किंवा ९००० मालिकेचा प्रोसेसर लावणार असाल तर डीडीआर५ ६००० सीएल३०चं दोन स्टिकचं किट घ्या (६००० हा वेग, सीएल म्हणजे डेटा मिळेपर्यंत थांबावं लागतं तेवढे ठोके, कमी तेवढं बरं), बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे लेबलवरचा वेग लावणारं एएमडीचं तयार सेटिंग, ऑन करा, चार स्टिक लावू नका, आणि रात्रभर मेमरी टेस्ट केल्याशिवाय त्या मशीनवर कामाचं काही ठेवू नका.

त्यावर आलेली प्रतिक्रिया अशी:

“एवढं पुराण कशाला? ६००० आता जुनं झालं, मार्केटमध्ये ८००० मिळतंय. मी चार स्टिक लावून आरामात वापरतोय. एक्स३डीला सीएल३० काय नि सीएल३६ काय, घंटा फरक पडत नाही. आणि टेस्ट बिस्ट कोण करत बसतं, विंडोज चालू झालं म्हणजे रॅम ओके. उगाच नवीन पोरांना घाबरवू नका. यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय, की दुकानदाराकडून काही मिळतं?”

आधी शेवटच्या वाक्याचं बघू, कारण बाकी सगळं मतभेदात बसतं पण हे बसत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि थेट कमिशन खातो असं लिहून मोकळे झालात. लेखात मी एकाही किटचं नाव दिलेलं नाही, एकही लिंक नाही, दुकानाचा उल्लेख नाही. स्पीड, सीएल आणि किती स्टिक एवढंच सांगितलंय आणि ते जो कुणी विकतो त्याच्याकडून घ्या. तुम्ही लेख पूर्ण वाचला असता तर हे वाक्य लिहिलंच नसतं.

आणि ‘यूट्यूब बघून’. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात असेंब्लीला लागलो तेव्हा पीसी१३३ एसडीरॅम चालायची. त्याच सुमारास पेन्टियम ४ बरोबर रॅम्बसची आरडीरॅम आली होती, ती जोडीनंच लावावी लागायची आणि रिकाम्या स्लॉटमध्ये डमी पट्टी बसवली नाही तर मशीन उठायचंच नाही, आणि ती डमी पट्टी बॉक्समधून हरवली म्हणून गिऱ्हाइकाचं अख्खं मशीन आमच्याकडे पडून राहायचं. एक्स्पोसारखंच तयार सेटिंग असलेलं एक्सएमपी इंटेलनं २००७ साली आणलं. त्याच्या आधी टायमिंगचे आकडे वहीत लिहून ठेवायचो आणि एकेक करून हातानं बायोसमध्ये भरायचो, चुकलं की क्लिअर सीमॉसचा जंपर लावून बायोस मूळ सेटिंगला आणायचो. तेव्हा यूट्यूबवर हे शिकवायला कोणी बसलेलं नव्हतं. आज नागपुरात माझं स्वतःचं छोटं काम आहे, बहुतेक गिऱ्हाईक लग्नाचे व्हिडिओवाले, थोडे आर्किटेक्ट. त्यामुळे मी जे लिहितो ते हात काळे करून लिहितो, एवढं तरी धरून चाला.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मान्य करायला मला काही वाटत नाही. एक्स३डीवाल्या, म्हणजे जास्तीची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) असलेल्या प्रोसेसरला रॅमच्या वेगाचा फरक खरंच कमी जाणवतो. ७८००एक्स३डीला ९६ एमबी एल३ कॅश आहे, गेमला लागणारा बराचसा डेटा तिथंच सापडतो, रॅमपर्यंत फेरी कमी पडते. ज्याला फक्त गेम खेळायचेत त्यानं सीएल३६ घेऊन पैसे वाचवले तर मी अडवणार नाही. हे तुम्ही ‘घंटा’ न म्हणता लिहिलं असतं तरी मी मान्यच केलं असतं.

आता मुख्य मुद्दा. विंडोज चालू झालं म्हणजे रॅम ओके.

हे वाक्य मी दुकानात इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरण्यासारखंच आहे, कारण ह्या एका समजुतीपायी लोकांचं खरंखुरं काम बुडतं. किटवर ६००० लिहिलंय म्हणजे काय, तर स्टिक बनवणाऱ्यानं ती स्टिक त्या स्पीडला तपासलीय. पण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर स्टिकमध्ये नसतो, तुमच्या प्रोसेसरमध्ये असतो, आणि तो त्यानं तपासलेला नाही. एएमडीचा अधिकृत आकडा बघा, रायझन ७०००ला ५२०० आणि ९०००ला ५६००. त्याच्यावर जे काही चालवता ते एएमडीच्या हिशोबानं ओव्हरक्लॉक आहे, एक्स्पोवर त्यांचंच नाव असलं तरी, आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरात ते तसं लिहिलेलंही आहे. व्होल्टेजचंही तेच, स्टँडर्ड डीडीआर५ १.१ व्होल्टवर चालते आणि ही वेगवान किटं १.३५ किंवा १.४ मागतात. म्हणजे एक्स्पो ऑन करणं हा तुमच्या प्रोसेसर, बोर्ड आणि स्टिक ह्या तिघांचा नवीन प्रयोग असतो, जो तुमच्या टेबलावर पहिल्यांदा होतोय. तो पास झाला की नाही हे कोण बघणार? विंडोज? विंडोज वर यायला दोन-चार जीबी पुरतात, तुमच्या ३२ जीबीतला बाकी भाग त्या वेळी कोणी धड हात लावून बघितलेलाही नसतो.

पुढे ऐका. मशीन पहिल्यांदा चालू करता तेव्हा बराच वेळ स्क्रीन काळी राहते ना, ते मेमरी ट्रेनिंग असतं. सिग्नल नेमका कुठल्या क्षणी वाचायचा हे बोर्ड त्या वेळी जुळवून घेतं. पण ते जुळवतं त्या क्षणीच्या तापमानाला, सकाळी गार मशीनला. बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर ऑन असेल तर पुढच्या वेळी तेच जुने आकडे परत वापरतं, म्हणून बूट झटपट होतं. आता त्याच मशीनवर दुपारी ग्राफिक्स कार्ड तापून गरम हवा थेट रॅमवर सोडतंय, आणि डीडीआर५मध्ये पॉवर सांभाळणारी चिप, पीएमआयसी, पण स्टिकवरच आलीय, डीडीआर४पर्यंत ते काम मदरबोर्डवर व्हायचं, म्हणजे स्टिक स्वतःच्याही उष्णतेनं तापते. मेमरीचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळतच असतो म्हणून तर सारखा रिफ्रेश करावा लागतो, आणि गरम झाला की जास्त वेगानं गळतो. त्यात टायमिंग आवळलेली असतील तर चूक व्हायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं. एसी नसलेल्या खोलीतल्या कॅबिनेटच्या आत काय असेल ते तुम्हीच विचार करा.

माझ्याकडे एक लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा यायचा. मशीन दुसरीकडून बनवून घेतलेलं, किट चांगल्या नावाचं, स्पीड लेबलप्रमाणे. रात्री एडिटिंग उत्तम चालायचं, दुपारी एक्सपोर्ट अर्ध्यात पडायचा. त्यानं सॉफ्टवेअर बदललं, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्यानं टाकलं, शेवटी ग्राफिक्स कार्ड विकायला काढलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरून मशीनमध्ये कॉपी केलेल्या काही क्लिप्स खराब निघाल्या, तोवर कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरून झालं होतं. कुणाच्या तरी मुलीची पाठवणी त्यात होती, ती परत कशी शूट करणार? मी रात्री टेस्ट लावली तर साफ पास. दुपारी ग्राफिक्स कार्डवर लोड देऊन लावली तर थोड्याच वेळात एरर. स्पीड ५६००वर आणला, रॅमवर हवा लागेल असा फॅन फिरवला, आणि त्या दिवसापासून ते मशीन बिनतक्रार चालतंय. त्याचंही विंडोज रोज चालू होत होतं बरं का.

कोणी म्हणेल डीडीआर५ला आतच ईसीसी, म्हणजे चूक दुरुस्त करायची सोय असते. असते, पण ती चिपच्या आतल्या १२८ बिटांमागे एक बिट दुरुस्त करण्यापुरती. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना डेटा बिघडला तर तिला पत्ता नसतो, आणि वेगवान रॅममध्ये बिघडतं ते बहुतेक त्या वाटेवरच. शिवाय ती कुणाला कळवतही नाही. निळी स्क्रीन आली तर नशीबवान समजा, निदान काहीतरी चुकतंय हे कळलं. कधी झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याची), कधी ब्राउजरचा टॅब मरतो, कधी गेम आपोआप डेस्कटॉपवर येतो, आणि कधी काहीच न होता चुकीचा बिट गुपचूप एसएसडीवर लिहिला जातो आणि तुमच्या बॅकअपमध्ये पण तोच जातो.

आणि टेस्ट म्हणजे काय डोंगर उचलायचाय का? पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाका, झोपायला जाताना लावा, फुकटच्या व्हर्जनमध्ये चार पास होतात. सकाळी उठून बघा. मग विंडोजमध्ये ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर हे ताण देऊन तपासणारे प्रोग्रॅम, आणि त्यासोबत ग्राफिक्स कार्डवरही लोड, म्हणजे आतलं तापमान खरं होतं. एक एरर म्हणजे फेल, ‘एकच तर आली’ असं काही नसतं. फेल झालं तर एक पायरी खाली या, ६०००चं ५८०० करा, ५६०० करा, परत लावा. ह्यात नवीन पोरांना घाबरवण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. टेस्ट न करता मशीन हातात देणाऱ्यांची मात्र मला खरंच चीड येते.

बाकीचं लवकर आटपतो. ८००० बाजारात मिळतं, बरोबर. पण एएम५वर साधारण ६०००, फार तर ६४००पर्यंत मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं धावतो, त्याच्या पुढे निम्म्या वेगावर टाकावा लागतो. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा देते म्हणून ६०००चा खरा ठोका ३०००, त्यामुळे ६०००ला कंट्रोलर ३००० मेगाहर्ट्झवर, ८०००ला २०००वर. शिवाय एका सीसीडीच्या (म्हणजे कोअर असलेल्या एकाच चिपच्या) प्रोसेसरला इन्फिनिटी फॅब्रिकमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्यातून, वाचायला २००० मेगाहर्ट्झला सेकंदाला ६४ जीबीच मिळतात, ६०००चं दोन चॅनलचं किट कागदावर ९६ देतं. आधीच रस्ता अपुरा पडतोय तिथं ८००० घेऊन काय करणार? लेटन्सी, म्हणजे डेटा मिळेपर्यंतचा वेळ, तोही काढून बघा, सीएलला २०००नं गुणा आणि स्पीडनं भागा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ८००० सीएल३८ म्हणजे ९.५, आणि हा अर्धा नॅनोसेकंद तो निम्म्यावर आलेला कंट्रोलर खाऊन टाकतो. इंटेलचा मामला वेगळा आहे, लेख इंटेलवर नव्हता.

चार स्टिकबद्दल एएमडीनं स्वतःच ३६०० लिहून ठेवलंय, ७०००लाही आणि ९०००लाही. तुमच्या चालतात तर आनंद आहे, पण किती स्पीडला चालतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. टास्क मॅनेजर उघडा, मेमरीवर क्लिक करा, स्पीड बघा. बरेचदा बोर्ड ट्रेनिंगमध्ये आपटून गुपचूप डिफॉल्टला परत आलेलं असतं आणि मालक मात्र बॉक्सवरचा आकडा सगळ्यांना सांगत फिरत असतो. ज्यांना ६४ जीबी हवेत त्यांनी ३२च्या दोन घ्या आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरसकट प्रोसेसरच्या त्या भागाला मिळणारं) जास्त गेल्यामुळे रायझन जळाल्याच्या केसेस आल्या होत्या, त्यानंतर एएमडीनं ते १.३ व्होल्टवर बांधलं, तेव्हा त्याच्या आधीचं बायोस असेल तर एक्स्पोला हात लावायच्या आधी अपडेट करा. हे तुम्हाला पण सांगतोय, राग बाजूला ठेवून.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तिथंच. पुढचं काही लिहायचं असेल तर बोर्ड, बायोस व्हर्जन, टास्क मॅनेजरमधला स्पीड आणि चारही स्टिक लावून रात्रभर चालवलेल्या मेमटेस्टचा फोटो टाका. पास झालं असेल तर मी तो ह्याच पोस्टमध्ये वर लावीन. ते नसेल तर ‘माझं चालतंय’वर मी परत उत्तर देणार नाही.