सुणीं कितलीं?

जिममधल्या पोरानं दिवसाला 120 ग्रॅम प्रथिनं सांगितली आणि 20 मिनिटांत होतं म्हणून खिमा-भात सुचवला. बीफच्या खिम्यात 100 ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अर्ध्या किलोत 100. गणित एवढं सोपं निघालं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी सकाळी मडगावच्या मार्केटात गेलो. "अर्धा किलो खिमा. चरबी काढून." शेजारी फुलाफुलांच्या झग्यातली एक आंटी उभी होती. तिनं मला चपलेपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पुता, सुणीं कितलीं तुजीं?"

कुत्री किती आहेत, असं विचारत होती.

"कुत्री नाहीत. म्हाका जाय."

"तुका? कितें करतलो?"

सांगितलं. कढई चांगली तापवायची, खिमा पसरायचा, सुटलेलं पाणी आटेपर्यंत उगाच ढवळायचा नाही. मग हळद, मीठ, मिरीपूड. खाली भात.

"शीत?" ती खाटकाकडे वळली. त्यानं सुरी खाली ठेवली.

"व्हिनागर?"

"ना."

"लोसूण?"

"इल्लीशी."

"सायबा भोगोस!" म्हणत तिनं छातीवर क्रूस केला. तिचा टॉमी रोज हेच जेवतो म्हणे: खिमा, भात, चिमूटभर हळद. लसूण तेवढी नाही, कारण ती कुत्र्याला बाधते. म्हणजे माझ्यात आणि टॉमीत फरक लसणाचा. मागच्या माणसानं सुचवलं, गाजर किसून घाल, केसांना चकाकी येते. मी टोपी नीट केली.

मग आंटीनं क्रोकेट सांगितले. खिमा शिजव, परत वाट, पाव-अंडं घाल, वळ, रव्यात घोळव, तळ. नाहीतर पोटॅटो चॉप. सांगताना तिचे डोळे पाणावले. मला भूकही लागली आणि रागही आला. करणार कोण? साडेसातला बसमधून उतरतो. एक शेगडी. तळण करायचं नाही, भिंती तेलकट होतात, ही घरमालकाची अट. भाडं मात्र पूर्ण कुटुंबाचं घेतो. एकट्या माणसाला कसं जेवावं हे सगळे सांगतात. एखादा क्रोकेट हातावर ठेवेल कोणी, तर नाही.

घरी सांगलीत बीफचा उच्चारही नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचंही बंद, आणि आमच्या आईच्या राज्यात त्याच्याही आधीपासून. फोनवर विचारते, "काय केलंस?" "खिमा." "मटणाचा?" मी म्हणतो, रेंज जातेय.

असो. खिमा खरंच 20 मिनिटांत झाला. तांदूळ मात्र मी गोव्यात राहतोय या अभिमानानं उकडे आणले होते, तेही न भिजवता. पाऊण तास झाला तरी शितं दाताखाली कडक. खिमा दोनदा गरम केला, तिसऱ्यांदा गारच खाल्ला. चव? टॉमीची तक्रार नसते, एवढंच सांगतो.

पुढच्या शनिवारी खाटकानं मला लांबूनच ओळखलं. न विचारता अर्धा किलो खिमा बांधला आणि वर एक वेगळी पिशवी दिली. हाडं होती. फुकट.

"सुण्याक," म्हणाला.

मी घेतली. सूप बरं झालं.