हादरण्यापूर्वी नियम वाचावेत

फ्लोरिडात अग्निशमन जवान, पोलीस किंवा पॅरामेडिक (रुग्णवाहिकेतून येऊन जागेवर उपचार करणारा) होण्याचा आपला निश्चय झालाच असेल, तर शिडी चढण्याच्या सरावाबरोबरच कशाने हादरायचे आणि कशाने नाही, याचाही सराव करून घ्यावा. २०१८ पूर्वी हा प्रश्न फारच सोपा होता. अंगावर जखम नसेल, तर कामामुळे जडलेल्या मनाच्या आजारावर उपचार मिळत, बुडालेला पगार मात्र मिळत नसे. म्हणजे २०१६ मध्ये ऑरलँडोच्या ज्या पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबारात ४९ जणांचा बळी गेला, तिथे धावून गेलेल्यांनी निदान पाय तरी मुरगळून घ्यायला हवा होता.

२०१८ च्या कायद्याने ही उणीव भरून काढत, जखमेशिवायही बुडालेला पगार मिळवून देणाऱ्या पात्र प्रसंगांची यादीच दिली. जखमी मुलाला आपण उचलून नेले असेल, तर त्याने आपत्कालीन विभागात पोहोचण्यापूर्वी किंवा पोहोचताक्षणीच प्राण सोडलेला असावा. आपण शर्थ केल्यामुळे ते मूल अतिदक्षता विभागापर्यंत तगले आणि तिसऱ्या दिवशी गेले, तर त्या शर्थीचे फळ आपले आपण भोगावे. मृत व्यक्ती प्रौढ असेल, तर नियम आणखी काटेकोर आहेत: शिरच्छेद चालतो, आतडी बाहेर आलेली चालतात, आणि भाजणे तिसऱ्या श्रेणीचे असून शरीराच्या किमान ९ टक्के भागावर असावे लागते. (रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का, हे आपल्याला शिकवलेलेच असते.) तेव्हा नुसत्या धुराने गुदमरून गेलेल्या आजीबाईंना खांद्यावरून खाली आणताना उगाच गलबलून जाऊ नये.

आजाराचे निदान मानसोपचारतज्ज्ञानेच केलेले हवे. ज्या समुपदेशकापुढे आपण वर्षभर रडलात, त्याच्या कागदावर भागत नाही. दाव्याची ५२ आठवड्यांची मुदत आधी घटनेपासूनच मोजली जाई, त्यामुळे दीड वर्षाने पडू लागलेली स्वप्ने मुदतबाह्य ठरत. २०२२ मध्ये घटना किंवा निदान, यांपैकी जे नंतरचे असेल तिथून मोजणी सुरू झाली, ही सुधारणा खरीच चांगली आहे आणि तिची थट्टा करवत नाही.

मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देणे खात्यावर बंधनकारक आहे. मदत मागायला लाजू नका, असे त्या वर्गात आपल्याला सांगितले जाईल. मुळीच लाजू नये. फक्त मागण्यापूर्वी ते मूल नेमके किती वाजता गेले, हे रुग्णालयाकडून लेखी घेऊन ठेवावे.